चौघांच्या कुटुंबाला एक कार्ड पुरत नाही

प्रति,
मा. संपादक,

विषय : परदेशातील बस-मेट्रोसाठी रिचार्जचे कार्ड निवडताना

महोदय,

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्या भरून वाहू लागतात. व्हिसा कसा काढावा, विमानाचे तिकीट कधी स्वस्त पडते, शाकाहारी जेवण कुठे मिळते, सगळे त्यात असते. पण परक्या शहरात उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जी वस्तू विकत घ्यावी लागते, तिची बोळवण ‘तिथले ट्रॅव्हल कार्ड घ्या’ एवढ्या एका वाक्यात होते. कोणते कार्ड, किती जणांसाठी, किती पैसे भरून, आणि उरलेल्या पैशांचे काय, हे वाचकाने गेटसमोर रांग अडवून ठरवायचे. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे. कापायचे असेल तर आमची शेरेबाजी कापावी, आकडे ठेवावेत.

सर्वांत मोठा घोळ कार्डाच्या निवडीत नसतो, संख्येत असतो. लोकलच्या एकाच तिकिटावर चौघे प्रवास करतात, रिक्षाचे भाडे एकच जण देतो. या सवयीने कुटुंबप्रमुख एकच कार्ड घेतो, त्यात भरपूर पैसे भरतो, स्वतः आत शिरतो आणि मागे हात करून कार्ड बायकोला देतो. गेट उघडत नाही. गेट माणसे मोजत नाही, ते कार्ड कोणत्या स्थानकात आत गेले आहे याची नोंद ठेवते. आत गेलेले कार्ड बाहेर पडल्याखेरीज पुन्हा आत जाऊ शकत नाही. लंडन, टोकियो, सिंगापूर, हाँगकाँग, दुबई, सगळीकडे मेट्रोला माणशी एक कार्ड हाच नियम आहे. पॅरिसमध्ये पूर्वी कागदी तिकिटांचा दहाचा गठ्ठा घेऊन चौघांत वाटता येत असे. आता तिकिटे नॅव्हिगो ईझी नावाच्या दोन युरोच्या कार्डात भरली जातात आणि एका कार्डावर एकच जण जातो. म्हणून खर्चाचा हिशेब करताना कार्डाची न परत मिळणारी किंमत नेहमी माणसांच्या संख्येने गुणावी. एकट्याला क्षुल्लक वाटणारा आकडा सहा जणांच्या ग्रुपला जड जातो.

दुसरी गोष्ट पैसे कुठे असतात याची. जुन्या पद्धतीत शिल्लक रक्कम खुद्द कार्डातल्या चिपवर लिहिलेली असते. गेट ती वाचते, वजा करते आणि नवा आकडा तिथेच दाखवते. नव्या पद्धतीत कार्ड म्हणजे फक्त ओळखपत्र. हिशेब दूरच्या संगणकावर होतो आणि पैसे मागाहून कापले जातात. बँकेचे कॉन्टॅक्टलेस, म्हणजे यंत्राला नुसते टेकवून चालणारे, कार्ड थेट गेटवर टॅप करणे हा याच नव्या पद्धतीचा भाग. पहिल्या पद्धतीत शिल्लक डोळ्यांना दिसते, पण कार्ड विकत घ्यावे लागते आणि पैसे अडकतात. दुसरीत काहीच विकत घ्यावे लागत नाही, पण किती कापले ते लगेच कळत नाही. सिंगापूरने जानेवारी २०२४ मध्ये जुन्या पद्धतीची कार्डे १ जूनपासून बंद करण्याचे जाहीर केले होते. गेटवर शिल्लक दिसणार नाही म्हणून लोकांनी इतकी ओरड केली की त्याच महिन्यात सरकारने निर्णय मागे घेतला आणि जुनी पद्धत चालू ठेवली. तंत्रज्ञानात पुढे असलेल्या शहरातल्या लोकांनाही आकडा समोर दिसायला हवा असतो, हे ध्यानात घ्यावे. घरातल्या ज्येष्ठांना आकडा दिसणारेच कार्ड द्यावे.

आता एकेक शहर. दुबईपासून सुरुवात करतो, कारण महाराष्ट्रातून तिथे जाणारे खूप. तिथल्या कार्डाचे नाव नोल. पर्यटकाला निवड करायची ती लाल तिकीट आणि चंदेरी कार्ड यांत. लाल तिकीट कागदी, दोन दिरहमचे. चंदेरी कार्ड २५ दिरहमचे, पण त्यात १९ दिरहम वापरायला मिळतात, म्हणजे कार्डाची खरी किंमत सहा. भाडे झोनप्रमाणे लागते. चंदेरी कार्डावर एकाच झोनमध्ये ३, लगतच्या दोन झोनमध्ये ५ आणि त्यापुढे ७.५ दिरहम. लाल तिकिटावर तेच ४, ६ आणि ८.५. प्रत्येक फेरीला एक दिरहम जास्त. आता गणित सोपे आहे. लाल तिकिटावर जास्तीचा खर्च दोन अधिक फेऱ्यांची संख्या, चंदेरी कार्डावर सरसकट सहा. चार फेऱ्यांना दोन्ही सारखे पडतात, पाचव्या फेरीपासून चंदेरी स्वस्त. एका रात्रीच्या मुक्कामात बुर्ज खलिफा पाहून परतणाऱ्याला लाल पुरते. तीन दिवस राहणाऱ्याने चंदेरीच घ्यावे.

लाल तिकिटाची आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. ते एका वेळी एकाच वाहनप्रकारासाठी आणि ठरवून घेतलेल्या झोनसाठीच चालते. मेट्रोसाठी भरलेले लाल तिकीट पुढच्या बसला लावता येत नाही. चंदेरी कार्डावर मेट्रोतून उतरून तीस मिनिटांच्या आत बस पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो. त्यासाठी बसमध्ये चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा टॅप करावे लागते. आपल्याकडे बसमधून उतरताना काही करायचे नसते, त्यामुळे इथे हमखास चूक होते. भरणा करतानाही पाहावे : ऑगस्ट २०२४ पासून स्थानकातल्या तिकीट-खिडकीवर किमान ५० दिरहम भरावे लागतात. कमी भरायचे असतील तर मशीनकडे जावे. लांबच्या फेरीचे जाऊन-येऊन १५ दिरहम होतात, तेवढी शिल्लक नेहमी ठेवावी. सोनेरी कार्डावर भाडे दुप्पट असते आणि बदल्यात वेगळा डबा मिळतो. चंदेरी कार्ड घेऊन त्या डब्यात बसलात तर शंभर दिरहम दंड. स्त्रिया आणि मुलांच्या डब्यात पुरुष शिरला तरी तेवढाच. डब्याच्या जमिनीवर गुलाबी रेघ असते, ती पाहून उभे राहावे.

सिंगापूरला तीन वाटा आहेत आणि तिथेच टूरवाले गोंधळ घालतात. ईझी-लिंक कार्ड दहा डॉलरला मिळते, त्यातले पाच कार्डाचे, पाच वापरायचे. कार्डाचे पाच परत मिळत नाहीत. दुसरी वाट बँकेच्या कार्डाची. व्हिसा किंवा मास्टरकार्ड परदेशी बँकेचे असेल तर ज्या दिवशी प्रवास केला त्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट सेवाशुल्क लागते. म्हणजे आठ दिवसांचे ४ डॉलर ८० सेंट. त्यामुळे आठवड्याच्या आत परतणाऱ्याला नुसते हेच दोन आकडे पाहिले तर बँकेचे कार्ड स्वस्त दिसते. आपली बँक त्यावर जे लावते ते धरले की फरक जवळजवळ उरत नाही. तिसरी वाट टुरिस्ट पासची : एका दिवसाचा १७, दोन दिवसांचा २४, तीन दिवसांचा २९ डॉलर, हवे तितके फिरा. ‘हवे तितके’ हे शब्द ऐकून लोक खूश होतात. पण मोठ्या माणसाचे भाडे अंतराप्रमाणे साधारण सव्वा ते अडीच डॉलर असते. एका दिवसाच्या पासाचे पैसे वसूल करायला सगळ्यांत लांबच्या पल्ल्याच्या सात फेऱ्या कराव्या लागतील. सेंटोसा बेटावर सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याच्या दिवसभरात जेमतेम चार होतात. शिवाय वाहन बदलताना दोन तासांच्या आत, प्रत्येक बदलात ४५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ न घालवता, पाच वेळा बदल केला तरी भाडे सलग अंतराचेच लागते. त्यासाठी सर्व टॅप एकाच कार्डाने झाले पाहिजेत. इथेही बसमधून उतरताना टॅप विसरलात तर बस जिथवर जाते तिथवरचे भाडे कापले जाते.

लंडनची गोष्ट वेगळी आणि जरा सविस्तर सांगण्याजोगी. तिथे ऑयस्टर कार्ड २००३ साली आले आणि जगभरच्या प्रवासवर्णनांत जाऊन बसले. त्यामुळे अजूनही ‘लंडनला गेलात की आधी ऑयस्टर घ्या’ हा सल्ला मिळतो. तो शिळा झाला आहे. मोठ्या माणसाला बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डावर ऑयस्टरएवढेच भाडे लागते, दिवसाची आणि आठवड्याची कमाल मर्यादाही तशीच. ऑयस्टरसाठी मात्र कार्डाचे न परत मिळणारे शुल्क मोजावे लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये ते पाचाचे सात पौंड झाले आणि पुढे त्यातही वाढ झाली.

मर्यादा कशी चालते ते पाहा. बसचे एक भाडे १ पौंड ७५ पेन्स, पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, तेवढेच. मार्च २०२५ च्या दराने नुसत्या बसने फिरल्यास दिवसाला ५ पौंड २५ पेन्सच्या वर कापत नाहीत, म्हणजे तीन भाडी झाली की उरलेला दिवस फुकट. त्याच दराने भुयारी रेल्वेसह झोन एक-दोनमध्ये फिरलात तर दिवसाची मर्यादा ८ पौंड ९० पेन्स आणि आठवड्याची ४४ पौंड ७० पेन्स. या आठवड्यात मेख आहे. तो सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, तुम्ही उतरलात त्या दिवशी नाही. गुरुवारी उतरून पुढच्या बुधवारी परतणाऱ्याचा मुक्काम दोन अर्धवट आठवड्यांत वाटला जातो आणि साप्ताहिक मर्यादेचा त्याला काही उपयोग होत नाही. आपल्या कॅलेंडरातला हा साधा मुद्दा आहे, पण विमानाचे तिकीट काढताना कुणाच्या डोक्यात नसतो. पॅरिसचा साप्ताहिक नॅव्हिगो पासही असाच सोमवार ते रविवार चालतो आणि चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच विकतात. त्याला फोटो लागतो, अडीच बाय तीन सेंटिमीटरचा. पासपोर्ट साइझचा उरलेला एखादा कापून बरोबर न्यावा.

लंडनची मर्यादा एका कार्डाला लागते, माणसाला नाही. सकाळी कार्ड टॅप केले आणि दुपारी तेच कार्ड भरलेला फोन टॅप केला, तर यंत्रणेला ती दोन वेगळी माणसे दिसतात. सकाळच्या फेऱ्या एकीकडे, दुपारच्या दुसरीकडे, मर्यादेला कुणीच पोहोचत नाही. त्याहून वाईट म्हणजे आत कार्डाने, बाहेर फोनने. मग दोन अर्धवट प्रवास धरून दोन्हींवर कमाल भाडे कापले जाते. पाकीटच यंत्रावर टेकवण्याची सवयही इथेच अंगाशी येते. पाकिटात दोन बँकांची कॉन्टॅक्टलेस कार्डे आणि आपले पुणे किंवा मुंबई मेट्रोचे कार्ड असते. ही सगळी एकाच कंपनसंख्येवर, १३.५६ मेगाहर्ट्झवर बोलतात. यंत्र यातले कोणते उचलेल त्याचा नेम नाही, किंवा गोंधळून ते गेट उघडणारच नाही. एक कार्ड ठरवावे, ते पाकिटाबाहेर काढावे, दिवसभर तेच वापरावे. काही स्थानकांत गाडी बदलताना गुलाबी रंगाचे टॅप-यंत्र दिसते. झोन एकला वळसा घालून गेलात तर तिथे टॅप करावे, भाडे कमी होते. ते चुकवले तर यंत्रणा तुम्ही मध्य लंडनमधूनच गेलात असे धरते. हीथ्रो विमानतळाची हीथ्रो एक्स्प्रेस ही गाडी दिवसाच्या मर्यादेत मोडत नाही. हीथ्रोहून पिकाडिली लाइनची भुयारी गाडी बरीच स्वस्त पडते.

मग ऑयस्टर कुणी घ्यावे? अकरा ते पंधरा वर्षांची मुले बरोबर असतील तर त्यांच्यासाठी. बँकेच्या कार्डावर मुलांची सवलत बसत नाही. ऑयस्टर घेऊन मुलाला स्थानकातल्या कर्मचाऱ्यासमोर उभे केले की तो त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून देतो आणि चौदा दिवसांपर्यंत निम्मे भाडे लागते. ही सवलत आपोआप मिळत नाही, मशीनवरही मिळत नाही, मागावी लागते. अकरा वर्षांखालच्या मुलांना तर काहीच घ्यायचे नाही. भुयारी रेल्वेत मोठ्या माणसाबरोबर चार मुले मोफत जातात, बसमध्येही मोफत. आई-बाबांनी बँकेचे कार्ड, दादाला ऑयस्टर, धाकटीला रिकामे हात, असा हिशेब लंडनला बरोबर बसतो. ज्यांचे आप्त लंडनला आहेत त्यांनी त्यांच्या ड्रॉवरमधले जुने ऑयस्टर मागून घ्यावे. त्यातले पैसे कालबाह्य होत नाहीत.

आता ज्या बँकेच्या कार्डाची एवढी भलामण केली, ते आपल्या देशातून निघताना तयार नसते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनवर चालण्यापुरते सुरू असते. ऑक्टोबर २०२० पासून हे लागू आहे. परदेशातील, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस हे तिन्ही व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करायचे असतात. लोक बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ‘इंटरनॅशनल’ सुरू करतात आणि कॉन्टॅक्टलेसचे बटण तसेच बंद राहते. मग दुकानात पिन टाकून कार्ड चालते, गेटवर मात्र नाकारले जाते, आणि दोष परदेशातल्या मेट्रोला दिला जातो. निघण्यापूर्वी ॲपमधली दोन्ही बटणे आणि त्यांच्या पुढची रकमेची मर्यादा पाहावी. मर्यादा शून्यावर असेल तर बटण सुरू असून उपयोग नाही. कार्डावर ते चार वळणांचे लहरींचे चिन्ह आहे ना, हेही पाहावे. लंडनच्या गेटवर व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्स्प्रेस चालतात. नुसते रुपे कार्ड घेऊन गेलात तर पंचाईत.

बँकेचा परकीय चलनाचा आकार साधारण दोन ते साडेतीन टक्के असतो आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांचे करासह चार टक्क्यांहून थोडे जास्त होतात. दहा पौंडांच्या प्रवासावर साधारण चाळीस पेन्स. एवढ्यासाठी ऑयस्टरचे शुल्क मोजण्यात अर्थ नाही. त्या देशाच्या चलनात भरलेले फॉरेक्स कार्ड असेल आणि त्यावर टॅप चालत असेल तर हा आकारही वाचतो. मात्र डॉलर भरलेले कार्ड पौंडाच्या देशात वापरू नये, दुहेरी बदलाचा आकार बसतो. लंडनला दिवसभराचे सगळे टॅप एकत्र करून एकच रक्कम कापली जाते आणि तिथला ‘दिवस’ पहाटे साडेचारला संपतो. त्यामुळे बँकेचा एसएमएस उशिरा आला म्हणून घाबरू नये. खात्यात पैसे नसल्याने ती रक्कम वसूल झाली नाही, तर मात्र तेच कार्ड पुढच्या दिवशी गेटवर अडवले जाते.

जपानात हे सगळे उलटे आहे, आणि तिथे आम्ही नि:संकोच प्लास्टिकचे कार्ड घ्या म्हणतो. टोकियोत सुइका आणि पास्मो, ओसाकात इकोका, अशी दहा कंपन्यांची दहा कार्डे आहेत. मार्च २०१३ पासून ती देशभर एकमेकांच्या गेटवर चालतात. त्यामुळे सुइका चांगले की इकोका, या वादात वेळ घालवू नये. ज्या शहरात उतराल तिथले घ्या. ५०० येन अनामत असते. इकोका दोन हजारांना घेतले तर दीड हजार वापरायला मिळतात. जास्तीत जास्त वीस हजार येन भरता येतात, पण एवढे भरायची गरज नाही. हेच कार्ड कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये, शीतपेयाच्या मशीनवर, स्थानकातल्या सामानाच्या लॉकरला चालते. जपानात हातात सुट्या नाण्यांचा ढीग साठतो, तो या कार्डाने कमी होतो, हा त्याचा मोठा गुण.

दोन ठिकाणी मात्र गाडी अडते. पहिले भरण्याचे. स्थानकातल्या बहुतेक मशीनना रोख येनच लागतात, परदेशी कार्ड ती घेत नाहीत. आयफोनमध्ये सुइका ठेवता येते, पण त्यात पैसे भरायला ॲपल पेमध्ये चालणारे कार्ड हवे. जपानबाहेर विकलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये तर सुइका चालतच नाही, कारण सोनीची फेलिका ही व्यवस्था त्यांत सुरू नसते. म्हणून हजार येनच्या काही नोटा वेगळ्या ठेवाव्यात. बाहेर पडताना शिल्लक कमी पडली तर घाबरायचे कारण नाही. गेटच्या आतल्या बाजूला भाडे पुरे करायचे मशीन असते, तिथे भरून बाहेर पडावे. दुसरे हद्दीचे. दहाही कार्डे देशभर चालतात याचा अर्थ एका कार्डावर टोकियोत आत जाऊन ओसाकात बाहेर पडता येते असा नाही. आत जाणे आणि बाहेर पडणे एकाच हद्दीत हवे. साध्या गाडीने हद्द ओलांडली की शेवटच्या स्थानकात गेट अडवते आणि खिडकीवर जाऊन रोख भाडे द्यावे लागते. कार्डावरची नोंदही तिथेच मिटवून घ्यावी, नाहीतर पुढच्या गेटवर ते चालणार नाही. शिंकान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, तिकीट वेगळेच घ्यायचे असते. तिथल्या रेल्वे पासाशीही या कार्डाचा संबंध नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासाची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो एका बाजूचे भाडे १४,००० येनच्या आसपास आहे. नुसते जाऊन-येऊन करणाऱ्याने त्या पासाच्या वाटेला जाऊ नये.

सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी जपानात अर्ध्या भाड्याचे वेगळे कार्ड असते, ते मशीनमधून नव्हे तर पासपोर्ट दाखवून खिडकीवर घ्यावे. पर्यटकांसाठी वेलकम सुइका नावाचे कार्ड आहे. त्याला अनामत नाही, पण ते २८ दिवसच चालते आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. जून २०२३ मध्ये चिपांच्या टंचाईमुळे साध्या सुइका आणि पास्मोची विक्री थांबली होती आणि पर्यटकांना वेलकम सुइकावरच भागवावे लागले. १ मार्च २०२५ पासून साधी कार्डे पुन्हा मिळू लागली आहेत. महाजालावरचे त्या काळातले लेख वाचून ‘सुइका मिळत नाही’ असे समजणारे लोक अजून आहेत.

आणि गावोगावी चालते म्हणून डोळे मिटून विसंबू नये. कुमामोतोतल्या पाच वाहतूक कंपन्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये यंत्रे बदलण्याचा खर्च परवडत नाही म्हणून बसमध्ये ही देशव्यापी कार्डे घेणे बंद केले. मोठी शहरे सोडून आत जाणार असाल तर खिशात नाणी हवीतच.

सुइका परत करतानाचा हिशेब मजेशीर आहे. शिल्लक रकमेतून २२० येन शुल्क कापून उरलेले आणि वर अनामतीचे ५०० देतात. शिल्लक शून्य असेल तर शुल्क लागत नाही, पूर्ण ५०० मिळतात. म्हणून शेवटच्या दिवशी दुकानात त्या कार्डाने असेल नसेल ते संपवावे, कमी पडेल ते रोख द्यावे, आणि मग खिडकीवर जावे. सुइका पूर्व जपानच्या रेल्वेकडेच परत होते, इकोका पश्चिमेच्या रेल्वेकडे. टोकियोत उतरून ओसाकाहून परतणाऱ्याने सुइका टोकियो सोडतानाच परत करावे किंवा मग आठवण म्हणून ठेवावे.

हाँगकाँगचे ऑक्टोपस १९९७ सालचे, म्हणजे या सगळ्यांचे थोरले भावंड. त्याची एक खुबी वाणसामानाच्या दुकानातल्या उधारीसारखी आहे. शिल्लक थोडीच असली तरी शेवटचा प्रवास होऊ देतात आणि आकडा उणे होतो. ती उधारी ५० हाँगकाँग डॉलरच्या अनामतीतून वळती होते. घेतल्यापासून तीन महिन्यांच्या आत कार्ड परत केले तर ११ डॉलर कापतात. पर्यटकांसाठीचे वेगळे ऑक्टोपस ३९ डॉलरला विकत मिळते आणि ते पैसे परत मिळत नाहीत. अनामतीचेच घ्यावे : ५० भरून ३९ परत मिळतात.

ज्येष्ठांबद्दल एक स्पष्ट सांगितलेले बरे. आपल्या एसटीत ६५ वर्षांनंतर अर्धे तिकीट आणि ७५ नंतर मोफत प्रवास असतो, त्यामुळे आधार कार्ड दाखवून सवलत मागण्याची सवय जडलेली असते. लंडन आणि सिंगापूरच्या ज्येष्ठांच्या सवलती तिथल्या रहिवाशांसाठी आहेत. पर्यटक ज्येष्ठाने पूर्ण भाडे धरूनच अंदाजपत्रक करावे.

आपल्या पुरवणीत शहराच्या माहितीसोबत एक छोटी चौकट द्यावी एवढीच विनंती आहे. कार्डाची न परत मिळणारी किंमत, मुलांची सवलत आणि ती कुठे मागायची, उतरताना टॅप लागतो की नाही, रोख भरणा की कार्डाने, आणि हे दर कोणत्या महिन्याचे आहेत. महिना न छापता दर छापणे म्हणजे वाचकाला खड्ड्यात ढकलणे. या पत्रातले आकडेही निघण्याच्या आठवड्यात त्या त्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावेत.

परत आणलेली कार्डे घरातल्या कुणाला किंवा शेजाऱ्याला द्यायची असतील तर : ऑयस्टर केव्हाही चालेल, साधे सुइका शेवटच्या वापरापासून दहा वर्षे, ईझी-लिंक आणि नोलचे चंदेरी कार्ड पाच वर्षे. नावाची नोंद केलेले कार्ड देऊ नये. वेलकम सुइका महिन्याभराने मुलांना खेळायला द्यावे.

आपले,
परदेश-सहलींच्या आखणीचे काम करणारे दोन वाचक,
पुणे